दोन बोटं वळली त्यानंतर: पियानोवादक लिऑन फ्लायशर

पियानोच्या पट्ट्यांवर डावीकडून उजवीकडे जाताना स्वर चढत जातो. पाश्चात्त्य संगीतात मुख्य धून बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या स्वरांत असते, म्हणजे ती येते उजव्या हाताच्या अनामिकेवर आणि करंगळीवर. हातातली सगळ्यात कमजोर बोटं आणि काम सगळ्यात मोठं, असा हा उलटा कारभार आहे. शिकणाऱ्याची कित्येक वर्षं या दोन बोटांत बळ आणण्यातच जातात. १९६४ च्या सुमाराला अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची नेमकी हीच दोन बोटं वाजवताना आपोआप तळव्याकडे वळायला लागली. वय होतं ३६. दुखत काहीच नव्हतं.

फ्लायशर यांची गोष्ट साधारणपणे अशी सांगतात: अलौकिक मुलगा, ऐन भरात गेलेला हात, तीस वर्षांचा अंधार, मग एक इंजेक्शन आणि पुन्हा दोन्ही हातांनी टाळ्या घेणं. वर्तमानपत्रांना ही गोष्ट फार आवडली, आणि का आवडू नये? पण ती अर्धीच आहे. एक तर तो आजार कधी पूर्ण बरा झालाच नाही. दुसरं म्हणजे या माणसाचं सगळ्यात मोठं काम मंचावर झालं की बाल्टिमोरच्या एका वर्गात, हा प्रश्न त्या गोष्टीत येतच नाही. माझं मत वर्गाच्या बाजूने आहे.

मागच्या दाराने आलेला शिष्य

लिऑन यांचा जन्म २३ जुलै १९२८ चा, सॅन फ्रान्सिस्कोमधला. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. वडील बायकांच्या हॅट बनवत. घरात पियानो आला तो थोरल्या भावासाठी. शिकवणी संपली की भाऊ खेळायला बाहेर पळायचा आणि धाकटा बसून तेच सगळं वाजवून दाखवायचा. थोड्याच दिवसांत शिकवणी धाकट्याची झाली. आईने मुलापुढे दोनच पर्याय ठेवले होते: अमेरिकेचा पहिला ज्यू राष्ट्राध्यक्ष हो, नाहीतर मोठा पियानोवादक.

त्या काळात आर्टुर श्नाबेल हे नाव म्हणजे बेथोवनच्या पियानो-संगीतातला शेवटचा शब्द. बेथोवनचे सगळेच्या सगळे ३२ सोनाटा (एकट्या पियानोसाठीच्या मोठ्या, बहुतेक अनेक भागांच्या रचना) ध्वनिमुद्रित करणारा हा पहिला वादक. मात्र लहान मुलांना शिकवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या ऑर्केस्ट्राचे माजी संचालक आल्फ्रेड हर्ट्झ यांनी श्नाबेलना जेवायला बोलावलं आणि मुलाला मागच्या दाराने आत आणून थेट पियानोसमोर बसवलं. यजमानाच्या घरी पाहुणा नाही कसा म्हणणार? ऐकावं लागलं, आणि ऐकल्यावर नियम मोडावा लागला. १९३८ मध्ये नऊ वर्षांचा लिऑन इटलीतल्या कोमो सरोवराकाठी ट्रेमेझो गावी श्नाबेलकडे शिकायला गेला. अट एकच, शिक्षण चालू असेपर्यंत जाहीर कार्यक्रम करायचे नाहीत.

आपल्याकडच्या माणसाला इथे घराण्याची आठवण येईलच. बेथोवनचा शिष्य कार्ल चेर्नी, चेर्नीचा शिष्य थिओडोर लेशेटिट्स्की, त्यांचे श्नाबेल आणि श्नाबेलचे फ्लायशर. चेर्नीचे सराव-पाठ आज मुंबई-पुण्यात पियानोच्या परीक्षा देणारी पोरंही कुरकुरत वाजवतात. एरवी अशा वंशावळी मी जरा सावधपणेच घेतो, कारण जाहिरातीत त्या फार छान दिसतात. पण इथे हातोहात काहीतरी आलं आहे हे खरं. लेशेटिट्स्कींनी तरुण श्नाबेलना सांगितलं होतं की तू पियानोवादक कधीच होणार नाहीस, तू संगीतकार आहेस. बोटांची करामत हे ध्येय नाही, कागदावरच्या रचनेत रचनाकाराने काय म्हटलंय ते शोधणं हे काम आहे, हा दृष्टिकोन या रांगेतून खाली आला.

श्नाबेलची शिकवण्याची रीतही वेगळी होती. एकजण वाजवायचा आणि बाकीचे शिष्य त्याच खोलीत बसून ऐकायचे. म्हणजे आपला धडा एक, पण दुसऱ्यांचे सगळेच धडे आपल्याही पदरात. फ्लायशर यांनी पुढे स्वतःच्या वर्गात हीच रीत चालू ठेवली.

पुढचा प्रवास सरळ वर जाणारा आहे, त्यामुळे भराभर सांगतो. १९४४ मध्ये सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली रचना. संचालक प्येर मोंतो यांनी ‘शतकातला शोध’ म्हणून या मुलाला गौरवलं. १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा, आणि ती जिंकणारा पहिला अमेरिकन म्हणून नाव. मग क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा आणि त्याचे कडक शिस्तीचे संचालक जॉर्ज सेल यांच्याबरोबर बेथोवनचे पाचही आणि ब्राम्सचे दोन्ही कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित झाले. १९५९ पासून बाल्टिमोरच्या पीबडी संगीत संस्थेत शिकवणंही सुरू झालं होतं. सेलबरोबर सोव्हिएत रशियाचा मोठा दौरा ठरला होता, आणि त्याच्या तोंडावर बोटं वळायला लागली. दौऱ्यावर फ्लायशर गेले नाहीत.

बोटाला नक्की काय होतं

या आजाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. बोट वर उचलायचं तर ते उचलणारा स्नायू आवळला पाहिजे आणि त्याच वेळी बोट वाकवणारा स्नायू सैल सुटला पाहिजे. निरोगी माणसात हे हुकूम मेंदूकडून बिनबोभाट जातात. डिस्टोनियात दोन्ही स्नायू एकदमच आवळतात, किंवा ज्या बोटाला हुकूमच दिला नव्हता तेही हलतं. मेंदूत प्रत्येक बोटासाठी थोडी थोडी वेगळी जागा नेमलेली असते. वर्षानुवर्षं अतिशय वेगाने, अतिशय सारख्या हालचाली घोटल्या की काहीजणांत या जागांच्या सीमा पुसट होतात, एक बोट दुसऱ्याच्या हद्दीत शिरतं आणि मग मेंदूला एका बोटाला एकट्याने हाक मारता येईनाशी होते. संशोधकांचं चित्र साधारण असं आहे. काही लोकांत याची अंगभूत शक्यता जास्त असावी, असंही मानतात.

म्हणूनच हाड, कंडरा, सांधा सगळं तपासलं तरी काही सापडत नाही. शिवाय हा आजार कामापुरता असतो. अनेकांना त्याच हाताने चहाचा कप धरता येतो, शर्टाची बटणं लावता येतात, फक्त वाद्यावर हात ठेवला की बोटं आखडतात. लिहायला बसलं की हात आखडणारी माणसं आपण पाहिलेली असतात, तो याच जातीचा आजार. व्यावसायिक संगीतकारांत सुमारे शंभरात एकाला तो होतो, असा अंदाज नेहमी दिला जातो. एकोणिसाव्या शतकात संगीतकार रॉबर्ट शूमानचा उजवा हात वादनातून उठला तो याच कारणाने असावा, असं आज अनेक अभ्यासकांना वाटतं.

यातला खरा कावा पुढे आहे. बोट चुकलं की वादक काय करतो? जास्त सराव करतो. लहानपणापासून त्याला तेच शिकवलेलं असतं. आणि सराव हेच जर आजाराचं एक कारण असेल, तर उपाय म्हणून माणूस रोज तेच विष घेत राहतो. फ्लायशर यांनी तेच केलं. दिवसाला सात-आठ तास बोटं दामटवल्याचं पुढे ते स्वतःच सांगायचे. आपल्याकडेही कोण किती तास रियाज करतो हे अभिमानाने सांगतात, तेव्हा मला हटकून हा माणूस आठवतो.

निदान व्हायला कित्येक वर्षं गेली. तोवर संमोहन झालं, अॅक्युपंक्चर झालं, मानसोपचार झाले, मालिश झाली, आणखी काय काय झालं. लग्न मोडलं. आत्महत्येचे विचार आले. त्या काळात दाढी वाढली, केसांची शेंडी आली आणि एक व्हेस्पा स्कूटरही आली. पुढे हे सांगताना ते स्वतःलाच हसत.

१९८१ मध्ये मनगटातली नस दबल्याचं निदान होऊन शस्त्रक्रिया झाली आणि बोटं थोडी सैलावल्यासारखी वाटली. सप्टेंबर १९८२ मध्ये बाल्टिमोरमध्ये मायरहॉफ सभागृहाचं उद्घाटन होतं आणि त्यात फ्लायशर दोन्ही हातांनी वाजवणार, असा गाजावाजा झाला. ठरला होता बेथोवनचा चौथा कॉन्चेर्टो. हाताची खात्री वाटेना म्हणून आयत्या वेळी तो बदलून सेझार फ्रांकची ‘सिम्फनिक व्हेरिएशन्स’ ही रचना घेतली. सभागृह उभं राहिलं, दुसऱ्या दिवशी पेपरांत ‘पुनरागमन’ झळकलं. वादकाला मात्र तिथेच कळून चुकलं होतं की हात परत आलेला नाही. नंतरचे दोन हातांचे कार्यक्रम त्यांनी सोडून दिले.

खरा फरक पडला नव्वदच्या दशकात, बोटॉक्समुळे. सुरकुत्या घालवायला वापरतात तेच हे औषध. स्नायूपर्यंत आलेला मज्जातंतूचा रासायनिक निरोप ते अडवतं. जो स्नायू नको तेव्हा जोर लावतोय, त्यातच अगदी मोजून थोडं टोचायचं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर बोट लुळं पडतं. असर तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई. जोडीला खोल मालिशही चालू होती. मेंदूतली मूळ गडबड तशीच राहते, फक्त तिचा हुकूम स्नायूपर्यंत पोचताना कमजोर होतो. २००४ मध्ये त्यांची दोन हातांनी वाजवलेली तबकडी आली, २००७ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला, आणि तरीही आपला आजार गेलेला नाही हे ते स्पष्ट सांगत राहिले.

एका हाताचं संगीत

मधली तीस वर्षं ते वाजवत होते, डाव्या हाताने. फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत हे काही कुणाची दया म्हणून लिहिलेलं नाही, त्याची स्वतःची बांधणी आहे.

डावा हात पट्ट्यांवर ठेवून पाहिला तर वरच्या स्वरांच्या बाजूला अंगठा येतो. म्हणजे उजव्या हातात जी धून करंगळीच्या नशिबी येते, ती इथे सगळ्यात दणकट बोटाला मिळते. उरलेली चार बोटं खालचे स्वर सांभाळतात. खर्जातला एक स्वर वाजवायचा, पायाखालचं पेडल दाबून तो घुमत ठेवायचा, आणि तो विरायच्या आत हात झेप घेऊन मधल्या पट्टीत जायला हवा. पेडल वेळेवर सोडलं नाही तर सगळा चिखल होतो. पायाचं काम एरवीपेक्षा कितीतरी बारीक होऊन बसतं.

या संगीतातला मोठा भाग एकाच माणसामुळे अस्तित्वात आला. पाउल विटगेनश्टाइन, तत्त्वज्ञ लुडविगचा मोठा भाऊ, व्हिएन्नातल्या अतिश्रीमंत घरातला पियानोवादक. पहिल्या महायुद्धात १९१४ मध्येच त्याचा उजवा हात कापावा लागला आणि तो रशियन कैदेत गेला. परत आल्यावर घरच्या पैशाच्या जोरावर त्याने त्या काळच्या मोठमोठ्या संगीतकारांकडून डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या. माणूस तऱ्हेवाईक. प्रोकोफिएव्हचा कॉन्चेर्टो आपल्याला कळत नाही म्हणून त्याने कधी वाजवलाच नाही. हिंडेमिटने १९२३ मध्ये लिहून दिलेली रचनाही त्याने बाजूला ठेवली आणि दुसऱ्या कुणाला दिलीही नाही. त्याच्या पत्नीच्या मृत्यूनंतर, २००२ मध्ये, ती सापडली. डिसेंबर २००४ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक आणि संचालक सायमन रॅटल यांच्याबरोबर ती जगात पहिल्यांदा वाजली. वाजवणारे होते फ्लायशर, वय ७६.

रावेलने विटगेनश्टाइनसाठी लिहिलेला कॉन्चेर्टो या सगळ्यांचा राजा. पण माझं मन ओढतं ते ब्राम्सकडे. बाखची ‘शाकोन’ ही एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली, पाऊण तासाचा ऐवज पंधरा मिनिटांत सांगणारी रचना. १८७७ मध्ये ब्राम्सने ती पियानोवर आणली, आणि मुद्दाम एकट्या डाव्या हातासाठी. चार तारांवर सगळं जग उभं करणाऱ्या व्हायोलिनवादकाची ओढाताण पियानोवर अनुभवायची तर एक हात बांधूनच घ्यावा लागेल, हा त्याचा विचार. त्याने ती क्लारा शूमानला पाठवली. क्लाराने उलट कळवलं की नेमका आत्ताच एक खण ओढून उघडताना माझ्या उजव्या हाताची शीर ताणली गेली आहे, तेव्हा ही भेट अगदी वेळेवर आली. क्लाराही त्या काळची अव्वल पियानोवादक आणि शिक्षिका. फ्लायशर यांच्या डाव्या हाताच्या कार्यक्रमांत ही शाकोन कायमची वस्तीला होती.

योगायोग असा की त्याच पिढीतले, त्याच वर्षी जन्मलेले गॅरी ग्राफमन यांचाही उजवा हात असाच गेला, आणि तेही मोठे शिक्षक झाले; लांग लांग आणि युजा वांग हे त्यांचे विद्यार्थी. १९९६ मध्ये विल्यम बोल्कम यांनी या दोघांसाठी मिळून रचना केली: डाव्या हातांचे दोन स्वतंत्र कॉन्चेर्टो, जे वेगवेगळेही वाजवता येतात आणि एकत्रही.

दाखवता येईना, तेव्हा

वाद्य शिकवणाऱ्याकडे एक सोपं हत्यार असतं. ‘सरक, मी दाखवतो.’ विद्यार्थी बाजूला होतो, गुरू वाजवतो, विद्यार्थी नक्कल करतो. हात चालू होता तोवर फ्लायशरही हेच करत. हात गेला तेव्हा हे हत्यार गेलं. आता काय हवंय ते शब्दांत सांगायला हवं होतं, आणि शब्दांत सांगायचं तर आधी स्वतःला ते नीट कळायला हवं होतं. यामुळे आपण जास्त चांगले शिक्षक झालो, असं ते म्हणत.

त्यांच्या शिकवण्यातला सगळ्यात प्रसिद्ध विचार असा: वाजवणारा एक नसतो, तिघं असतात. पहिला वाजवण्याआधीच मनात ऐकतो, आता जो स्वर येणार आहे तो कसा असायला हवा ते ठरवतो. दुसरा प्रत्यक्ष पट्ट्या दाबतो. तिसरा थोडा लांब बसून बाहेर आलेला आवाज ऐकतो आणि पहिल्याला हवं होतं ते झालं नसेल तर दुसऱ्याला सांगतो की काय बदल. तिघांनी एकाच वेळी, अखंड काम करायचं.

ऐकायला हे जरा अध्यात्मिक वाटतं. पियानो आतून कसा चालतो ते पाहिलं की यात किती व्यवहार आहे ते कळतं. पट्टी दाबली की एक हातोडी तारेवर आपटून मागे येते. त्या क्षणानंतर वादकाच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही. व्हायोलिनवाला गज फिरत असताना स्वर फुलवू शकतो, गायक श्वासाने तो वाढवू शकतो. पियानोचा स्वर मात्र जन्मल्या क्षणापासून विरतच जातो. जे काय ठरवायचं ते आपटण्याआधी. पहिला माणूस झोपलेला असेल तर दुसऱ्याची कितीही तयारी असो, उपयोग शून्य.

बेथोवनचा चौथा कॉन्चेर्टो घ्या. ऑर्केस्ट्रा गप्प असतो आणि पियानो एकटाच, हळू आवाजात सुरुवात करतो. पहिल्याच स्वरसंचात दोन्ही हातांची मिळून बरीच बोटं एकदम पडतात. त्यातल्या कुठल्या बोटाला केसभर जास्त वजन द्यायचं, यावर तो संच उबदार वाटेल की कोरडा ते ठरतं. लगेच तोच संच पुन्हा, पुन्हा येतो. प्रत्येक वेळी आधीचा स्वर जितका विरला असेल त्याच्याशी नवा जुळवून घ्यायचा, तरच कानाला एक सलग ओळ भासते. नाहीतर नुसती ठोकाठोक ऐकू येते. विरणाऱ्या स्वरांमधून न तुटणारी ओळ भासवणं हा पियानोवादनातला सगळ्यात मोठा चकवा आहे. फ्लायशर यांचा सगळा भर या ओळीवर होता. संगीत पुढे जातं, काळातून आडवं वाहतं, आणि प्रत्येक ठोक्याला उभा दणका दिला की ते जागीच थांबतं.

या समजेत त्यांच्या दुसऱ्या एका उद्योगाचा वाटा असावा, असं मला वाटतं. हात गेल्यावर ते ऑर्केस्ट्राचं संचालन करू लागले. १९७० पासून अॅनापोलिस सिम्फनी, मग बाल्टिमोर सिम्फनीतही. संचालक स्वतः एकही स्वर वाजवत नाही. जे हवं ते आवाज येण्याआधी हातवाऱ्याने सांगायचं आणि मग ऐकायचं. म्हणजे त्या तिघांतला दुसरा माणूस रजेवर, आणि पहिला व तिसरा पूर्ण वेळ कामावर.

वर्गातून बाहेर पडलेली नावं पाहिली तर आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, लुई लोर्ती, जोनाथन बिस. यांतल्या कुणाचंही वाजवणं दुसऱ्यासारखं नाही. वॉट्सचा झगमगाट वेगळा, बिसचा बेथोवनमधला चिकित्सकपणा वेगळा. नक्कल करायला समोर वाजवणारे गुरूच नव्हते, हे त्यामागचं एक कारण म्हणायला हरकत नाही. विद्यार्थ्यांनी तासन्‌तास यंत्रासारखा सराव करू नये, म्हणूनही ते सतत मागे लागत, आणि त्यांच्याकडे बघून कुणाला वाद घालायची सोय नव्हती. पीबडीशी त्यांचं नातं साठ वर्षांहून जास्त टिकलं. २ ऑगस्ट २०२० रोजी बाल्टिमोरमध्ये, ९२ व्या वर्षी ते गेले.

ऐकायचं असेल तर आधी सेलबरोबरचा ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो ऐका, १९५८ चा. हात शाबूत असताना ते काय होते ते त्यात कळतं. मग बाख-ब्राम्स शाकोन. २००४ च्या तबकडीतला शूबर्टचा शेवटचा सोनाटा त्यानंतर. घाईच्या दिवशी नको, तो चाळीसेक मिनिटं घेतो. आणि सेइजी ओझावा यांच्या बॉस्टन सिम्फनीबरोबरचा रावेल मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. त्याची सुरुवात काँट्राबसून नावाच्या वाद्याच्या इतक्या खोल गुरगुरण्याने होते की पहिलं मिनिटभर काही वाजतच नाहीये असं वाटून तुम्ही आवाज वाढवाल, आणि मग अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर येईल.